शाळेचे ग्रंथालय चालविणारे हात

प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाला वेगळा ग्रंथपाल नसतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वृत्तपत्रे व नियतकालिके यावीत आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असावीत असे सांगितले. परंतु ते चालविण्यासाठी निराळा मनुष्य दिलेला नाही. त्यामुळे ग्रंथालयाच्या सेवकवर्गात सहकार्य व हुरूप कसा निर्माण करावा, असा विषय काढला तर द्विशिक्षकी शाळेतील गुरुजी प्रथम हसतील आणि ‘सेवकवर्ग आहे कोठे?’ असा प्रश्न करतील.

हा प्रश्न रास्त असला तरी त्याचे उत्तरही शाळेतच आहे. ज्यांच्याकडे कपाटाची किल्ली आहे ते शिक्षक, त्यांचे सहकारी, मुख्याध्यापक, वरच्या वर्गातील आठ-दहा मुलेमुली आणि कोठे कोठे शाळा व्यवस्थापन समितीतील एखादी वाचनाची आवड असलेली माता, एवढी माणसे मिळून शाळेच्या ग्रंथालयाचा सेवकवर्ग होतो. यांपैकी कोणालाही त्या कामाचा वेगळा पगार नाही. म्हणूनच त्यांना एकत्र आणणे आणि त्यांची उमेद टिकविणे हे काम पगारी नोकरवर्ग असलेल्या मोठ्या ग्रंथालयापेक्षा येथे अधिक नाजूक आहे.

आरंभी एका अप्रिय गोष्टीचा विचार केला पाहिजे. कित्येक शाळांत पुस्तके पुष्कळ असतात, त्यांवर क्रमांक घातलेले असतात, दाखल नोंदवहीही स्वच्छ असते. मात्र कपाटाला कुलूप असते. तपासणीच्या वेळी पुस्तके बाहेर निघतात तेव्हा त्यांची पाने एकमेकांना चिकटलेलीच असतात. याबद्दल शिक्षकाला अनास्थेचा दोष देणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तो दोष बहुधा अन्यायाचा असतो. नोंदवहीवर सही एकट्याची, पुस्तक गहाळ झाले तर उत्तर देण्याची जबाबदारी एकट्याची, आणि बदली झाली की कार्यभार सोपविताना संख्या जुळली नाही तर अडचणही एकट्याचीच. याउलट, वर्षभर एकही पुस्तक बाहेर गेले नाही म्हणून कोणाला जाब द्यावा लागल्याचे फारसे ऐकिवात नाही. अशा स्थितीत कपाट बंद ठेवणारा मनुष्य आळशी नसून सावध असतो. वाचनाच्या महतीवर त्याच्यापुढे कितीही भाषणे केली तरी कुलूप निघणार नाही. जबाबदारी वाटून घेणारी माणसे त्याच्या शेजारी उभी राहिली तरच ते निघेल. सहकार्याचा पाया येथे आहे. हुरुपाचा प्रश्न त्यानंतरचा.

या बाबतीत केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांतील नियम २१५ मोठा उद्बोधक आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या अथवा वाचकांनी पाहिलेल्या दर एक हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे वाजवी समजावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा अथवा हयगय नसावी, आणि एक हजार रुपयांहून अधिक किमतीच्या किंवा दुर्मीळ ग्रंथाबाबत चौकशी अवश्य व्हावी, असा त्याचा आशय आहे. हा नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहे. आपल्या शाळांना तो आपोआप लागू होत नाही, आणि त्याच्या आधारे कोणी परस्पर पुस्तके बाद करू नयेत. परंतु त्यामागील दृष्टी ध्यानात घेण्याजोगी आहे. हे प्रमाण कपाटातील पुस्तकांवर धरलेले नसून वाचकांच्या हाती गेलेल्या पुस्तकांवर धरलेले आहे. समजा, एका शाळेत तीनशे पुस्तके आहेत आणि मुले आठवड्यास चाळीस पुस्तके घरी नेतात. पस्तीस आठवड्यांत चौदाशे वेळा पुस्तक दिले गेले. या हिशेबाने सात पुस्तकांची तूट वाजवी ठरते. ज्या शाळेत एकही पुस्तक बाहेर गेले नाही तेथे एका पुस्तकाची तूटही वाजवी ठरत नाही!

मुख्याध्यापकांनी वर्षारंभी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय मांडावा. पुस्तके मुलांना घरी द्यावयाची आहेत, त्यांतील काही फाटतील, एखादे हरवेल, हे पालकांसमोर स्पष्ट बोलावे आणि त्याची नोंद सभेच्या कार्यवृत्तात घ्यावी. जीर्ण व गहाळ पुस्तकांच्या निर्लेखनाची रीत गटशिक्षणाधिकारी यांच्या कार्यालयाकडून आधीच लेखी समजून घ्यावी. अर्ध्या तासाचे हे काम आहे. पण त्यानंतर ग्रंथालयाचा कार्यभार असलेला शिक्षक एकटा राहत नाही, आणि वर्गातील मुलाने मळलेले पुस्तक परत आणले असता त्याच्या कपाळावर आठी पडण्याचे कारण उरत नाही.

पगारी माणसे तुटपुंजी असूनही खेड्यापाड्यांत ग्रंथालये चालविण्याचा मोठा प्रयोग आपल्या शेजारीच होऊन गेला आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ केला आणि १९०६ साली ते सर्व संस्थानास लागू केले. शाळा सोडल्यावर वाचावयास काही मिळाले नाही तर शिकलेली अक्षरे विसरली जातात, हे त्यांनी ओळखले होते. १९१० साली अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन यांस त्यांनी बडोद्यास आणले. बोर्डन १९१३ पर्यंत तेथे होते. एवढ्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली आणि १९११ साली ग्रंथालयात काम करणारांसाठी शिक्षणवर्ग काढला. १९१२ साली ग्रंथालयविषयक एक त्रैमासिकही तेथून निघू लागले. त्यात इंग्रजी व गुजराती यांबरोबर मराठी मजकूरही असे.

या योजनेतील दोन गोष्टी आपल्या प्रश्नाशी निगडित आहेत. पहिली पैशाची. गावाने ग्रंथालयासाठी वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच संस्थानाने घालावी, असा तिहेरी वाटा ठरलेला होता. लहान गावासाठी प्रत्येक वाट्याची कमाल मर्यादा वर्षास शंभर रुपये, कसब्यास तीनशे आणि प्रांताच्या मुख्य गावास सातशे अशी होती. संस्थान श्रीमंत होते. मनात आणते तर सर्व खर्च त्यास उचलता आला असता. परंतु ज्या गावाने स्वतःचे चार पैसे घातले ते गाव ग्रंथालयाला आपले मानते आणि त्याची विचारपूस करते, हे तेथील चालकांनी जाणले. दुसरी गोष्ट फिरत्या पेट्यांची. पंधरा ते तीस पुस्तकांच्या लाकडी पेट्या मध्यवर्ती ग्रंथालयातून आगगाडीने गावोगाव जात. वाहतुकीचा खर्च खात्याचा असे. गावी ती पेटी सांभाळणारा मनुष्य पुष्कळदा शाळेचा मास्तरच असे. आज ‘पुस्तकपेटी’ म्हणून एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जे फिरते, त्याची ही पूर्वपीठिका होय.

तथापि, बडोद्याचे यश महाराजांच्या आज्ञेने व अमेरिकन तज्ज्ञाच्या विद्वत्तेने आले असे मानणे अपुरे ठरेल. मोतीभाई अमीन या शिक्षकाने ‘मित्रमंडळ’ या नावाने खेडोपाडी वाचनालये काढण्याचा उद्योग बोर्डन येण्यापूर्वी, १९०६ च्या सुमारासच, आरंभिला होता. स्वतः शिकत असताना त्यांनी आपल्या वसो या गावी मित्रांच्या साहाय्याने वाचनालय चालविले होते. संस्थानाने हे पाहिले आणि त्यांस पुढे आपल्या ग्रंथालय खात्यात घेतले. म्हणजे जो मनुष्य बिनपगारी काम करून शिकला होता, त्याच्याच हाती गावोगावच्या बिनपगारी कार्यकर्त्यांशी संबंध ठेवण्याचे काम गेले. वरून आलेले हुकूम गावात जिरतात ते अशा मधल्या माणसांमुळे. आपल्याकडे केंद्रप्रमुखांस हे स्थान घेता येण्यासारखे आहे. त्यांनी केंद्राच्या शिक्षण परिषदेत पुस्तकांची संख्या विचारण्याऐवजी कोणते पुस्तक मुलांनी अधिक वेळा नेले एवढे विचारले, तरी पुष्कळ फरक पडेल.

ग्रंथालयशास्त्राचे भारतीय आचार्य शियाळी रामामृत रंगनाथन हेही मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे प्रसिद्ध केली. ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, हे त्यांतील पहिले सूत्र. ते इतके उघड आहे की त्यासाठी शास्त्र कशाला, असे वाटावे. पण त्याच सूत्राच्या विवरणात युरोपातील जुन्या ग्रंथालयांत ग्रंथ साखळदंडांनी बांधून ठेवीत त्याची कथा आहे, आणि तेथेच ग्रंथालयाची जागा, वेळा व बैठकव्यवस्था यांबरोबर सेवकवर्गाविषयी विस्तृत विवेचन आहे. जागा चांगली, पुस्तके उत्तम, आणि माणूस मात्र वाचकाला पाहून त्रासणारा, अशा ठिकाणी पहिले सूत्रच भंगते, असा त्याचा इत्यर्थ. रंगनाथन यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, हा आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत पुस्तकांची पूजा होते. कपाट सांभाळणाऱ्या मुलांची नावे परिपाठात वाचली जावीत, ही सूचना त्यासोबत करावीशी वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ग्रंथालयातील काम म्हणजे पुस्तके देणे व घेणे, अशी समजूत असते. वस्तुतः तेथे निरनिराळ्या स्वभावाच्या मुलांना पुरतील अशी कामे आहेत. देवघेव नोंदवही लिहिणे हे नेटक्या हाताच्या मुलाचे काम. पुस्तके जागेवर लावणे हे पाठांतर व क्रम यांची आवड असणाऱ्याचे. फाटलेल्या पानांची दुरुस्ती हे हातात कसब असलेल्याचे. आणि असा मुलगा पुष्कळदा वाचनात मागे असतो, हे शिक्षकांस ठाऊकच आहे. पहिली-दुसरीच्या बालकांना गोष्ट वाचून दाखविणे हे बोलक्या मुलीचे किंवा मुलाचे. नवे पुस्तक वाचून त्याविषयी दोन ओळी फलकावर लिहिणे हे अबोल पण वाचणाऱ्याचे. कामाची निवड शक्यतो मुलांस करू द्यावी. दर आठवड्यास काम बदलण्याची घाई करू नये, कारण हातातील काम नीट येऊ लागल्यावरच त्याची गोडी लागते. निदान एक सत्रभर तरी ते काम त्याच्याकडे राहावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कामांची वाटणी सहज होऊ दिली तर झाडणे, पुसणे व फडके धुणे मुलींकडे जाते आणि नोंदवही मुलांकडे राहते. गावातील ज्या वस्तीकडून गावाने पूर्वापार झाडलोट करून घेतली, तेथील मुलाच्या हाती पुन्हा केरसुणीच येते. हे कोणी ठरवून करीत नाही, म्हणूनच ते अधिक घातक. कपाट पुसण्याची पाळी सर्वांवर, प्रसंगी शिक्षकांवरही, यावी. नोंदवहीवर सर्वांची अक्षरे दिसावीत. ज्या गटात एका मुलाला आपण येथे केवळ हमाल आहोत असे वाटते, त्या गटाला गट म्हणता येत नाही.

मुलांची नोंदवही चुकते. एका रकान्यातील नाव दुसऱ्यात जाते, तारीख राहते. अशा वेळी शिक्षकाने वही ओढून घेऊन स्वतः लिहावयास बसू नये. चूक त्या मुलालाच शोधावयास सांगावी आणि त्याच्याच हाताने खोडून शेजारी दुरुस्त करवावी. अधिकृत दाखल नोंदवही शिक्षकांकडे राहील, ते योग्यच आहे. देवघेवीची वही मात्र मुलांची असावी. हातात वही दिली आणि विश्वास दिला नाही तर मुले ते तत्काळ ओळखतात.

दुरुस्तीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या कामात गट बांधण्याची शक्ती अनुभवास येते. फाटलेल्या पानावर पारदर्शक चिकटपट्टी लावण्याची रीत सर्वत्र पडली आहे. ती पट्टी काही वर्षांनी पिवळी पडून सुटते आणि तिचा चिकटा पानावर डाग ठेवून जातो. त्यापेक्षा मैद्याची पातळ खळ शिजवून, गार झाल्यावर पातळ पांढऱ्या कागदाची अरुंद पट्टी तिने चिकटवावी. पुस्तक मेणकागदात दाबून वजनाखाली रात्रभर ठेवावे. जुने जिल्दसाज खळीत मोरचूद घालीत; ते विषारी असल्याने मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. त्याऐवजी खळ लागेल तेवढीच ताजी करावी. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावे, पावसाळ्यात उघडीप पडली की पुस्तके सावलीत वाऱ्यावर पसरावीत आणि कसर व वाळवी यांची खूण दिसते काय ते पाहावे. महिन्यातील एका शनिवारी तीन-चार मुले, एक शिक्षक व कोणी पालक मिळून हे काम करावयास बसली म्हणजे कात्री एकाची, खळ दुसऱ्याची, दाबण्यास दगड तिसऱ्याचा असे आपोआप होते. त्या दोन तासांत पुस्तकांविषयी जेवढे बोलणे होते तेवढे वर्गात क्वचितच होते. शिवाय ज्याने एक पुस्तक शिवले तो पुढे दुसऱ्याला पाने दुमडू देत नाही. तो पहारा शिक्षकाने बसवावा लागत नाही.

हुरुपासाठी बक्षिसे द्यावीत काय, असा प्रश्न नेहमी येतो. सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्यास बक्षीस ठेवले की पातळ पुस्तकांना मागणी वाढते, हा अनेकांचा अनुभव आहे. ग्रंथालयात काम करणाऱ्या मुलांना बक्षिसापेक्षा निर्णयाचा अधिकार अधिक आवडतो. अनुदानातून पुस्तके घ्यावयाची असता यादीतील काही पुस्तके मुलांच्या मताने निवडावीत. सुट्टीत पुस्तके घरी द्यावयाची की नाहीत, हरवलेल्या पुस्तकाबद्दल काय करावे, हे त्यांच्या पंधरा मिनिटांच्या साप्ताहिक बैठकीत ठरू द्यावे. मुले शिक्षा ठरविताना मोठ्यांपेक्षा कठोर होतात, तेथे शिक्षकाने मध्ये पडावे. ज्या घरी दंड भरावयास पैसे नाहीत त्या मुलाने पुस्तक नेणेच सोडून दिले, असे होता कामा नये. दंडाऐवजी दुरुस्तीच्या दिवशी मदत, हा तोडगा मुलांस पटतो. एकदा मात्र त्यांचा निर्णय स्वीकारला की तो पाळावा. दुसऱ्या दिवशी ‘असू द्या हो’ म्हणून तो मोडला, तर पुढील बैठकीस कोणी मनापासून बोलणार नाही.

शिक्षकांच्या आपसातील सहकार्याबद्दल थोडेच सांगावयाचे आहे. बहुशिक्षकी शाळेत ग्रंथालय नव्याने आलेल्या शिक्षकाच्या गळ्यात पडते, कारण ते कोणालाच नको असते. तसे न करता कपाटातील पुस्तके वर्गवार पेट्यांत वाटून प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या पेटीपुरती सही करावी आणि सत्राअखेर पेट्या एकमेकांत बदलाव्यात. मग ग्रंथालयप्रमुखाकडे देखरेख राहते, ओझे राहत नाही. एखाद्या सहकाऱ्याने आपल्या वर्गात पुस्तकावरून चांगला पाठ घेतला तर त्याचा उल्लेख मुख्याध्यापकांनी शिक्षकसभेत करावा. आपल्या व्यवसायात दोष लेखी येतात आणि कौतुक तोंडीदेखील येत नाही, ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही.

गावात सार्वजनिक ग्रंथालय असेल तर त्याच्या कार्यकारी मंडळावर बहुधा एक-दोन शिक्षक असतातच. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होऊन त्यांस शासनाचे अनुदान मिळते. खालच्या वर्गातील ग्रंथालयाचा ग्रंथपाल तुटपुंज्या वेतनावर काम करीत असतो. त्याचे वेतन वाढविणे शिक्षक-सभासदाच्या हाती नाही. पण सभेच्या वेळी त्यास चहा आणावयास न पाठविता सभेत बसविणे, कोणती पुस्तके घ्यावीत हे त्यास प्रथम विचारणे, आणि गावात पाहुणे आले असता ‘हे आमचे ग्रंथपाल’ अशी ओळख करून देणे, हे नक्कीच हाती आहे. वाचकाची आवड दररोज पाहणारा मनुष्य तोच असतो. शाळेतील ग्रंथालय गटाच्या मुलांना महिन्यातून एकदा त्याच्याकडे न्यावे; पुस्तकांचे वर्ग कसे पाडतात, क्रमांक कसा घालतात, हे त्याने त्यांना शिकवावे. आपणांकडे शिकविण्यासारखे काही आहे, हे त्यालाही त्या दिवशी कळते.

राहता राहिला वर्षअखेरचा भाग. वरच्या वर्गातील मुले उन्हाळ्यात शाळा सोडून जातात आणि जूनमध्ये सर्व घडी पुन्हा बसवावी लागते. ती मोडू नये म्हणून दिवाळीनंतरच प्रत्येक मोठ्या मुलाबरोबर खालच्या वर्गातील एक जोडीदार द्यावा. मोठ्याने लिहावे, लहानाने पाहावे. संक्रांतीनंतर लहानाने लिहावे, मोठ्याने पाहावे. एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात दोघांनी मिळून कपाटातील पुस्तके मोजावीत, कमी असलेल्या पुस्तकांची नावे वहीत लिहावीत, आणि त्याखाली देणाऱ्याची व घेणाऱ्याची, अशा दोन्ही मुलांच्या सह्या घ्याव्यात. शिक्षकांची सही तिसरी.